डावा फेरा

जमिनीखालून जाणारी विजेची एक केबल जिथे संपते आणि दुसरी सुरू होते, तिथे दोघींना जोडून देणाऱ्या माणसाला जॉइंटर म्हणतात. जोडणं तसं सोपं. तांब्याला तांबं भिडवायचं, नळी चढवून दाबायचं, झालं. खरं काम त्यापुढचं. त्या उघड्या तांब्याला परत झाकायचं असतं. टेप ताणून धरायची, निम्म्या फेऱ्यावर निम्मा फेरा चढवत जायचं, मधे जाड आणि दोन्ही टोकांना निमुळतं. एका फेऱ्यात फट राहिली की तिथे हवा राहते, हवेत ओल शिरते, आणि ओल शिरली की ठिणगी आज ना उद्या तिथे पोचतेच. वरून राळ ओतली, वाळू टाकली, फरशा घातल्या, की जोड कोणी मारला हे सांगणारी एकच गोष्ट उरते. राळ ओतण्याआधी आत बांधलेला पितळी बिल्ला. त्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो.

सात नंबर वस्तादांचा. तेहतीस वर्षं ते जोड मारत होते आणि त्यांचा एकही जोड फुटला नव्हता. हे ते स्वतःच सांगत असत, उगाच दुसऱ्याला तसदी नको म्हणून. कार्यशाळेच्या भिंतीवर काचेच्या पेटीत त्यांचा एक जोड टांगलेला होता. त्यात राळ अर्धी कापून आतली टेप उघडी ठेवलेली. कामावर नवा माणूस आला की आधी त्याला त्या पेटीसमोर उभं करायचं, अशी तिथली रीतच पडली होती. टेपेच्या कडा एकसारख्या अंतराने उजवीकडे वर चढत गेलेल्या दिसत. जोड कसाही फिरवून बघा, कडांचा चढ काही बदलत नाही. उजव्या हाताच्या माणसाचा चढ उजवा, डावऱ्याचा डावा. थर किती का चढवेनात, शेवटचा थर माणूस आपल्या हाताच्या सोयीनेच संपवतो.

"हा उजवा फेरा," वस्ताद सांगायचे. "आणि डावा बघायचा असेल तर आमचे जावईबापू तिकडे बसलेत. फुकट दाखवतात."

सगळे हसायचे. जावईबापूही हसायचा, कारण न हसून करतो काय? आठ वर्षांपूर्वी वस्तादांच्या लेकीने याच्याशी आपण होऊन लग्न केलं, बापाला न विचारता. तेव्हापासून त्याचं खरं नाव कार्यशाळेत पगारपत्रकापुरतंच उरलं. वस्तादांनी त्याला डावऱ्या म्हटलं आणि मग जगाने म्हटलं. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. इथे मात्र ग्रह सासरा होता आणि जावयाच्या राशीतून हलायचं नाव घेत नव्हता. घरी येऊन बसला तरी "डाव्या हाताने दिलेला चहा मला पचत नाही," म्हणून कप परत करायचा आणि लेकीच्या हातून घ्यायचा.

एवढं असूनही डावऱ्याचा हात चांगला होता. त्याचा स्वतःचा बिल्ला एकतीस नंबरचा, आणि त्या नंबरचाही एकही जोड फुटलेला नव्हता. पण ते कोणी काचेत टांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी वस्तादांनी नवीच टूम काढली. खड्ड्यावर तंबू ठोकला की त्यात जॉइंटर दोघंच असतात. आत धूळ नको, वारा नको, म्हणून पडदा पाडलेला. वस्ताद पेटीवर बसायचे, उजवा हात खिशात घालून एखाद्या साहेबासारखे, आणि म्हणायचे, "आज माझा जोड तू मार. बिल्ला माझा बांध."

"का हो बाबा?"

"का म्हणून विचारतोस? सातच्या बिल्ल्याखाली हात चालवायला मिळतोय तुला. लोक जन्म घालवतात. आणि हे बघ, उजव्या हाताने मारायचा. माझ्या बिल्ल्याखाली डावा फेरा निघाला तर मी मेल्यावरही तुला सोडणार नाही."

डावऱ्याला उजव्या हाताचं वळण लावून घ्यायला तीन महिने लागले. रात्री पोटरीत गोळे यावेत तसे त्याच्या उजव्या मनगटात गोळे येत. चुकला की वस्ताद बुटाच्या टोकाने घोट्यावर ठोकर मारायचे. "माणसात ये, माणसात." डावऱ्याला वाटे, म्हातारा आळसावलाय, निवृत्ती जवळ आलीय. बायको म्हणायची, "अहो, बाबांनी तुम्हाला जवळ केलंय. त्यांची तऱ्हाच तशी आहे." अशा रीतीने सातच्या बिल्ल्याखाली वीसबावीस जोड डावऱ्याने मारले, सगळे उजव्या फेऱ्याचे आणि सगळे घट्ट.

मग तो दिवस आला. बायकोला वेळेआधी कळा सुरू झाल्या. तंबूत निरोप आला तेव्हा केबल सोलून तिन्ही तारा उघड्या पडल्या होत्या. डावऱ्या उभा राहिला आणि परत बसला, कारण रजा मागायची कोणाकडे? उघडा जोड टाकून जाणारा जॉइंटर परत कामावर येत नाही.

"जा," वस्ताद म्हणाले. "पळ. जोड मी मारतो. हजेरी लावतो तुझी, कोणाला कळायचं नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाच्या तोंडून चांगला शब्द निघाला होता. दवाखान्यापर्यंत डावऱ्या धावत गेला आणि वाटेत त्याला रडू आलं ते बायकोच्या काळजीने की सासऱ्याच्या मायेने, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. दुपारी मुलगी झाली; तो बाहेर बाकावर होता, आत नेलेल्या बायकोने त्याला पाहिलं ते संध्याकाळीच. संध्याकाळी वस्ताद नातीला बघायला आले. डाव्या हातावर तिला घेऊन उभे राहिले, उजवा हात खिशात तसाच.

चौदा महिन्यांनी तो जोड फुटला.

ज्या पदपथाखाली तो होता त्याच्यावर एक चावीवाला बसायचा. कानस, ब्लेड आणि पुठ्ठ्याला टांगलेल्या कोऱ्या चाव्या, एवढाच त्याचा संसार. डावऱ्याच्या घराची दुसरी चावी त्यानेच घासून दिली होती. जमीन फुटली, फरशा उडाल्या, आणि वर आलेला जाळ त्याने दोन्ही हातांनी तोंडावरून अडवला. तोंड वाचलं. हात मनगटापासून काढावे लागले. डावऱ्या त्याला बघायला गेला तेव्हा तो छताकडे बघत पडला होता.

"खात्यातला ना तू?" तो म्हणाला. "कोणाच्या हातचं काम होतं रे ते? ज्याच्या हातचं असेल त्याचे हात झडोत."

पुढच्याच दिवशी राळेच्या ढेकळातून सात नंबरचा बिल्ला निघाला आणि अख्ख्या कार्यशाळेला कळलं. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला होता.

चाचणी विभागाच्या बाई चौकशीला आल्या. करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोललं तर लिहून घेणाऱ्या. त्यांनी वस्तादांना पहिला प्रश्न विचारला आणि वस्तादांनी मान खाली घातली.

"बिल्ला माझा, बाई. हात माझा नाही. जावई आहे माझा. लेकीचं भलं होईल, पोरगा माझ्या नंबराखाली तयार होईल, म्हणून माझे जोड मी त्याला मारायला द्यायचो. चूक माझीच. काय शिक्षा द्यायची ती द्या."

डावऱ्या पुढे सरसावला. "बाकीचे मारले, कबूल आहे," तो म्हणाला. "हा नाही मारला. त्या दिवशी मी दवाखान्यात होतो."

बाईंनी हजेरीचं पान पुढे केलं. त्यात तो दिवसभर हजर होता. सही वस्तादांची. खड्डा आदल्या दिवशीच खणून झाला होता, खणणारे पुढच्या रस्त्याला गेले होते, तंबूत तिसरं माणूस नव्हतं. दवाखान्यात चौदा महिन्यांपूर्वी कोणाचा नवरा बाहेर बाकावर बसला होता, हे कोण सांगणार? आणि बायकोची साक्ष नवऱ्याच्या बाजूने धरत नाहीत, असं बाईंनी आधीच सांगून टाकलं. ज्याचा हात ठरेल त्याचं जॉइंटरचं कार्ड जन्मभरासाठी रद्द होणार होतं, आणि त्याच्यावर खटला चालणार होता.

"माणसं खोटं बोलतात, बाई," वस्ताद म्हणाले. "जोड नाही बोलत. एक तार जळालीय, दोन शाबूत आहेत. राळ फोडा आणि फेरा बघा. हा डावरा आहे, मी उजवा. माझा नमुना भिंतीवर टांगलाय इतकी वर्षं. याचा नमुना सगळ्यांसमोर घ्या."

डावऱ्याला आधी वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फेरा बघितला तर हाच अडकणार. मग मनात आलं, नाही, एवढा साधा नाही हा. मी डाव्याने नमुना दिला की हा हळूच सांगेल, बाई, याला मी उजव्या हातानेही शिकवलंय. मग उजवा फेरा निघाला काय आणि न निघाला काय, गळा माझाच. तीन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी वस्ताद घरी आले. नात रांगत त्यांच्याकडे गेली. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, आणि डावऱ्याने दिलेला चहा मुकाट्याने घेतला. डाव्या हाताने दिलेला.

"उद्या तुझ्या हाताने मार," ते म्हणाले. "डाव्याने. उजव्याचं मी कोणापाशी बोललो नाही, बोलणारही नाही."

"पण बाबा, मग तुमच्यावर येईल ना सगळं."

"माझं काय राहिलंय? पिकलं पान. पाच महिने उरलेत नोकरीचे. तुझ्यापुढे अख्खा जन्म पडलाय. ही आहे." त्यांनी नातीच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. "आठ वर्षं तुला छळलं मी. आता तरी तुझ्या हाताला तुझं काम करू दे."

स्वयंपाकघराच्या दारात बायको पदर तोंडाला लावून रडत होती. एवढी वर्षं या माणसाला आपण मनातल्या मनात शिव्या दिल्या, याची डावऱ्याला लाज वाटली. केसाने गळा कापणारी माणसं असतात हे त्याने ऐकलं होतं. पण आपल्या गळ्याशी केस आलाय हे कोणाला कळतं? मऊच लागतो तो.

दुसऱ्या दिवशी कार्यशाळेतल्या मोठ्या बाकाभोवती सगळे जमले. एका टोकाला राळेचं काळं ढेकूळ, दुसऱ्या टोकाला केबलीचा कोरा तुकडा आणि टेपेचं रीळ. बाईंनी वही उघडली.

"आधी नमुना," त्या म्हणाल्या.

डावऱ्याने टेप हातात घेतली आणि त्याचा धीर सुटला. समोर वस्ताद उभे होते, उजवा हात खिशात, चेहरा शांत. तेहतीस वर्षांच्या माणसाला आपण आता या बाकावर उताणा पाडणार. त्याने रीळ डाव्या हातातून उजव्यात घेतलं. जाऊ दे, घेऊ अंगावर, असं एक क्षण त्याला खरंच वाटलं. असा एक क्षण भल्या माणसाच्या आयुष्यात येतो आणि सहसा तो फुकटच जातो.

"अंहं," वस्ताद म्हणाले. "तुझ्या हाताने, बाळा. ज्या हाताने रोज करतोस त्या हाताने."

आठ वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदा बाळा म्हटलं. डावऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने रीळ परत डाव्या हातात घेतलं आणि असा जोड मारला की बघणाऱ्यांनी माना डोलावल्या. टेप ताणलेली, फेऱ्यावर फेरा निम्म्यात बसलेला, कुठे सुरकुती म्हणून नाही. कडा सगळ्या डावीकडे चढत गेलेल्या. बाईंनी बोट फिरवून पाहिलं आणि लिहिलं, डावा.

मग फिटरने छिन्नी लावली. राळ ढलप्याढलप्यांनी सुटू लागली. एक तार कोळसा झालेली. दुसरीवरचा शेवटचा ढलपा निघाला आणि फिटर थांबला. त्याने कपड्याने टेप पुसली, परत पाहिली, ढेकूळ उलटं करून पाहिलं. कसंही फिरवलं तरी चढ बदलत नाही.

"डावा," तो म्हणाला.

डावऱ्या पुढे झाला, दोघांना बाजूला सारून त्याने मान खाली घातली. फेरा डावा होता. ढिला, वाकडातिकडा, मधेच फट, मधेच तीन पदर एकावर एक, एखाद्या पोराने गुंडाळावा तसा. पण कडा डावीकडेच चढत होत्या.

"हा माझा नाही," तो म्हणाला. "बाई, बघा तरी! हा किती ढिला आहे. माझा तो समोर आहे, बघा ना!"

"फेरा डावा आहे की नाही?"

"आहे. पण..."

"या कार्यशाळेत दुसरा डावरा कोण आहे?"

दुसरा कोणीच नव्हता. हे वस्तादांनीच तर आठ वर्षं रोज सांगितलं होतं.

"तुमच्या जोडाखाली मी उजव्याने मारायचो," डावऱ्या वस्तादांकडे वळून ओरडला. "बाबा, सांगा त्यांना! तुम्हीच शिकवलंत. सातच्या बिल्ल्याखाली सगळे उजवे आहेत माझे. कुठलाही उकरा!"

"सातच्या बिल्ल्याखाली उजवे निघणारच," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "ते यांचे असतील."

"ढिला कसा झाला ते मी सांगतो, बाई," वस्ताद हळूच म्हणाले. "त्या दिवशी बायको अडलेली याची. मी जा जा म्हणत होतो. पण उघडं काम टाकून गेला नाही पोरगा. चित्त थाऱ्यावर नव्हतं, हात कसा लागणार? मी बघायला हवं होतं. बाप आहे ना मी, माझंही लक्ष लेकीकडे लागलेलं." त्यांनी मान हलवली. "याला फार कडक शिक्षा करू नका."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. डावऱ्या बाकाला धरून उभा होता. त्याला अजून कळत नव्हतं. म्हातारा खोटं बोलतोय हे कळत होतं. पण जोड कसा खोटं बोलला? उजव्या माणसाच्या हातून डावा फेरा निघाला कसा?

तेवढ्यात वस्ताद बाकाला वळसा घालून त्याच्यापाशी आले. त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि सगळ्यांदेखत जावयाच्या खांद्यावर ठेवला.

हात थरथरत होता. गहिवरल्यावर थरथरतो तसा नाही. एका ठेक्यात, न थांबता, यंत्र चालू असल्यासारखा. शर्टाच्या कापडातून ते थेट हाडाला लागत होतं. खिशातला हात, दोन वर्षांची ती पेटीवरची बैठक, नात घेतलेला डावा हात, सगळं डावऱ्याला त्या खांद्यातून एकदम समजलं. त्या दिवशी तंबूत एकटा पडल्यावर हा उजव्याने एक फेराही घालू शकला नव्हता. ज्या हाताची आठ वर्षं टिंगल केली, तोच हात याने वापरला होता. आणि राळ फोडायला स्वतः सांगताना याला आत काय निघणार ते माहीत होतं.

"याचा हात बघा!" डावऱ्याने ते मनगट पकडून वर केलं. "बाई, हात बघा याचा! कापतोय! हा टेप धरूच शकत नाही!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. वस्तादांच्या डोळ्यांतून आता पाणी वाहत होतं, आणि सगळ्या कार्यशाळेला त्या हाताचा अर्थ आपसूक लागला होता.

"सोड त्यांना," फिटर पुढे येऊन म्हणाला. "लाज वाटत नाही? तुझ्यापायी म्हातारा माणूस कापायला लागलाय."

"अहो, हा रोज कापतो! दोन वर्षं कापतोय!"

"दोन वर्षांत मला तर कधी दिसला नाही," फिटर म्हणाला आणि त्याने डावऱ्याची बोटं एकेक करून सोडवली. बाईंनी कार्ड मागितलं. खिसा डावीकडे होता, कार्ड डाव्या हाताने काढावं लागलं, आणि ते घेताना बाईंनी त्या हाताकडे जरा वेळ पाहिलं.

तो घरी पोचला तेव्हा दुपार कलली होती. वस्ताद आधीच येऊन बसले होते. बायको दारातच भेटली, डोळे सुजलेले.

"कळलं मला," ती म्हणाली. "बाबांनी किती रदबदली केली तुमच्यासाठी, तेही कळलं. आणि तुम्ही त्यांचा हात पिरगाळलात? चारचौघांत?"

त्याने सांगायला तोंड उघडलं. सांगितलंही, सगळं, पहिल्यापासून. त्या दिवशी तो बाकावर कधी येऊन बसला, हे आत कळा देणाऱ्या तिने पाहिलं नव्हतं. ती ऐकत होती, पण बघत होती आतल्या खोलीकडे, जिथे तिचा बाप जमिनीवर बसला होता, उजवा हात मांडीखाली घालून. चूक पकडली गेली की माणूस काय काय बोलतो, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

आत नात आजोबांसमोर बसली होती. त्यांनी तिच्यापुढे एक चमचा धरला. तिने तो डाव्या हाताने घेतला. वस्तादांनी तिच्या मुठीतून तो अलगद सोडवला आणि उजव्या हातात दिला. तिने परत डाव्यात घेतला. त्यांनी परत सोडवला आणि या खेपेला तिच्या डाव्या हातावर एक हलकीशी चापट दिली. पोरगी रडायला लागली.

"वळण लहानपणीच लावावं लागतं," दाराकडे न बघता ते म्हणाले. "नाहीतर पुढे बापासारखे हाल होतात."

डावऱ्याच्या बायकोने डोळे पुसले, आत जाऊन लेकीजवळ बसली, आणि चमचा तिच्या उजव्या मुठीत देऊन ती मूठ आपल्या हाताने घट्ट मिटून धरली.